खुंटाखालची राळ

वासू जोग्याच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढरी पूड दिसली, तेव्हा त्याच्या फोनवरचा दिवा हिरवाच होता. वासूने आधी फोन पाहिला, मग पूड पाहिली, मग ती बोटावर घेऊन चाटली आणि तसाच आमच्या कारखान्यात आला.

"देवू, ह्या मीठ नाय," तो म्हणाला. "खारट लागणा नाय. खडू खाल्ल्यासारख्या लागता."

"दिसात ता चाटूक तू काय ल्हान पोर रे?" मी म्हटलं. पण हातातलं काम खाली ठेवलं आणि त्याच्याबरोबर धक्क्यावर गेले.

मी देवश्री कुबल. आचऱ्याच्या खाडीवर मच्छीमार संस्थेचा होड्यांचा कारखाना आहे, तिथे कामाला आहे. होडीला जिथे जिथे भोक पडतं, तिथे तिथे माझी सही लागते. कडी, बिजागरी, दिव्याचा खांब, दोर बांधायचा खुंट, काहीही बसवायचं तर आधी पत्र्याला भोक पाडायचं आणि मग आयुष्यभर त्या भोकाची काळजी करायची, असं हे काम. कागदोपत्री माझा हुद्दा 'जोड-तपासनीस' आहे. गावात मला गळतीवाली म्हणतात. मला ते नाव जास्त आवडतं, कारण त्यात कामाचं खरं वर्णन आहे.

साग मिळेनासा झाला, डिझेलचे परवाने बंद झाले, त्यानंतर किनाऱ्यावर बॅटरीवरच्या ॲल्युमिनियमच्या होड्या आल्या. आमच्या कारखान्यातून तीन वर्षांत तेरा बाहेर पडल्या. वासूची चौथी. प्रत्येक होडीच्या नाळेवर एक खुंट असतो. नांगराचा दोर त्यालाच, ओढायचा दोर त्यालाच, आणि वादळात जीवही त्यालाच बांधलेला. त्या खुंटाच्या बुडाशी आणि पत्र्याच्या मध्ये जे भरतात त्याला नळीवर 'सीलंट' लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे त्याला अजून राळ म्हणतात. लाकडाच्या होड्यांच्या फटींत सूत ठासून वरून राळ आणि तेल देत, तोच शब्द पुढे चालत आला.

आता ही राळ निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. ॲल्युमिनियम हा धातू हवेत आला की अंगावर स्वतःच एक पातळ कातडी धरतो आणि तिच्या आत सुखाने राहतो. पण त्याला तांबं, पितळ किंवा कार्बन टेकलं आणि दोघांवर खारं पाणी पडलं, की तिथे एक बारीकशी बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत खर्च होतो तो ॲल्युमिनियम. तांबं जसंच्या तसं राहतं आणि पत्रा पांढरी पूड होऊन उडून जातो. म्हणून राळ अशी हवी की जी वीज वाहू देणार नाही, वाळताना आम्ल सोडणार नाही, पत्र्याबरोबर ताणली जाईल आणि कधी काढायची वेळ आली तर निघेलही. न्हाणीघराच्या फरशीत भरतात ती व्हिनेगरसारख्या वासाची नळी इथे कुणी वापरली, तर मी त्याला कारखान्यात पाऊल ठेवू देणार नाही.

स्वतःच्या होड्या बांधायच्या आधी, नुसत्या दुरुस्तीच्या कामात आम्ही वापरायचो ती पॉलिसल्फाइडची करडी राळ. दोन डब्यांतून काढून कालवायची, वास कुजक्या अंड्यांचा, वाळायला आठवडा. काम चोख, पण मुकी. ती आतून सुटली की नाही हे गळती लागल्यावरच कळायचं. आणि मी पडले काळजीखोर. जेवताना घास हातात धरून मी अमक्या होडीच्या तमक्या बोल्टाचा विचार करत बसायची.

मग 'जागल' आली. शेताची राखण करतात ती जागल, त्यावरून नाव. या राळेत केसाहून बारीक कार्बनचे धागे मिसळलेले असतात. राळ ताणली, चिरली, सुटली, की धाग्यांमधून जाणारी वीज बदलते. कडेला एक बटण असतं, ते हा बदल मोजतं आणि फोनवर दिवा दाखवतं. हिरवा, पिवळा, लाल. कार्बन ॲल्युमिनियमला घातक, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतंच. म्हणून त्यांनी राळेच्या दोन्ही अंगांना वीज न वाहणारी पातळ साय दिली होती. खाऱ्या फवाऱ्यात तीन महिने ठेवूनही पत्र्याला डाग पडला नव्हता. संस्थेच्या सभेत अर्धे लोक करड्या राळेच्या बाजूने होते. मी जागलसाठी भांडले आणि जिंकले. पहिल्या होडीपासून तेराव्यापर्यंत प्रत्येक खुंटाखाली जागल आहे आणि प्रत्येक कागदावर माझी सही आहे.

वासूच्या खुंटाच्या कडेला मी टोच्या लावला. पत्रा सहा मिलिमीटरचा. टोच्या जराही जोर न करता नखाएवढा आत गेला.

जागल मात्र अखंड होती. एक चीर नाही, एक बुडबुडा नाही. मी गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जागल खोटं बोलत नव्हती. ती फक्त स्वतःची चौकशी करत होती. पत्र्याचं काय चाललंय हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"आज दर्यार जाव नको," मी वासूला सांगितलं.

"पण फोन हिरवो आसा मा?"

"मग फोनाक सांग एकटो जा म्हणान."

*

कंपनीने पुण्याहून माणूस पाठवला. निरंजन दाभाडे, तिशीतला, घाटात गाडी लागल्यामुळे चेहरा पडलेला. मी त्याला आधी कोकम सरबत दिलं. माणूस सरळ होता. दोष आमचा नाही, असं आल्या आल्या म्हणाला नाही, एवढ्यावरूनच मला तो बरा वाटला.

जागल इतकी घट्ट धरते की कापल्याशिवाय खुंट निघत नाही, आणि कापायला संस्थेची परवानगी हवी. तोवर आम्ही तेराही होड्यांच्या नोंदी पडद्यावर काढल्या. निरंजनने एक आलेख मोठा केला.

"मॅडम, हे बघा. इथे अगदी बारीक व्होल्टेज दिसतंय. सतत आहे. आमचा प्रोग्राम याला गोंगाट समजून गाळून टाकतो."

"म्हणजे राळ पत्र्याला टेकली आहे?"

"टेकायला नको. पण कुठेतरी टेकली आहे. आणि एका होडीत नाही, अकरा होड्यांत." त्याने मोजून दाखवलं. "फक्त सहा आणि सात नंबर साफ आहेत."

दुपारपर्यंत आम्ही सहा आणि सातमध्ये काय वेगळं होतं ते शोधत बसलो. पत्रा तोच, बोल्ट तेच, बोल्टांवरच्या प्लॅस्टिकच्या नळ्या त्याच, राळही पाचव्या होडीला वापरलेल्या घाण्यातलीच. राळ भरणारे हात माझेच.

"खुंट कधी बसवले होते हे?" निरंजनने विचारलं.

मी वही उघडली. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. दोन्ही एकाच पंधरवड्यात.

त्या श्रावणात माझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे त्या दोन होड्यांच्या वेळी बाबा कारखान्यात आले नव्हते.

मी चहाचा कप खाली ठेवला.

माझे बाबा म्हणजे धाकू मेस्त्री. त्यांनी चाळीस वर्षं लाकडाचे मचवे बांधले. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्यांच्या हातचे मचवे फिरले. लाकूड संपलं तसा तो धंदा संपला आणि बाबा पडवीत बसले. मग संस्थेनेच ठरवलं की नव्या होडीच्या खुंटाचा पहिला बोल्ट धाकू मेस्त्रींनी आवळायचा. हा त्यांचा मान. मी राळ पसरायची, चौघांनी खुंट उचलून धरायचा, नारळ फुटला की सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडायचे. बाबा वाकून काहीतरी पुटपुटायचे. मग खुंट खाली यायचा आणि ते पाना फिरवायचे. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालत. होडीला माझी सही लागते, पण गावाच्या लेखी होडी होते ती बाबांच्या हाताने.

"मला जरा घरी जाऊन यायचंय," मी निरंजनला म्हटलं.

*

बाबा पडवीत पटाशीला धार लावत होते. ती पटाशी आता काही कापत नाही, तरी आठवड्यातून एकदा तिला धार लागते. मी आत जाऊन फळीवरचा चहाचा जुना पत्र्याचा डबा काढला. माझ्या आजोबांचा 'भवानीप्रसाद' नावाचा मचवा होता. एका वादळात तो सात माणसांना घेऊन परत आला होता. त्या दिवशी गेलेल्या बाकीच्या दोन होड्या आल्या नाहीत. मचवा म्हातारा होऊन मोडला, तेव्हा बाबांनी त्यातले तांब्याचे खिळे एकेक करून उपटून या डब्यात ठेवले होते. लहानपणी मी ते खुळखुळवायची. डबा चांगला जड असायचा.

आता तो हलका होता. मी तो तसाच हातात घेऊन पडवीत आले.

"बाबा, ह्यातले खिळे खंय गेले?"

"होडयेंका दिलंय," बाबा म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. भाजी कुणाला दिली हे सांगावं तसं.

"कवा?"

"तुमी डोळे मिटतात तेवा."

मी खाली पायरीवर बसले. बाबांनी पटाशी बाजूला ठेवली.

"हरेक होडयेक एक. राळ मऊ आसता, आंगठ्यान दाबलो काय बसता. भवानीप्रसादान सात जणांक घराक आणल्यान. तेचो एक खिळो नव्या होडयेत आसलो तर काय वायट?"

"माका सांगूक कित्याक नाय?"

"सांगलंय आसतंय तर तू नको म्हटलं आसतंस. तुजी यादी आसता. यादीत खिळो नाय."

हे मात्र खरं होतं. मी नकोच म्हटलं असतं.

"बाबा, तांब्यान ॲल्युमिनियम खाता."

"तांबा?" बाबा हसले. "अगो, तांब्यान होडी वाचता. माज्या आज्यान तळाक तांब्याचो पत्रो मारलेलो. किडो लागलो नाय."

"लाकडाच्या होडयेक. ही लाकडाची नाय."

मग मी त्यांना समजावलं. हातवारे करून, जमिनीवर पाण्याने रेघा काढून समजावलं. जागलच्या अंगावर पातळ साय होती. खिळ्याचं टोक ती फोडून पत्र्याला भिडलं आणि खिळ्याचं अंग कार्बनमध्ये रुतून बसलं. म्हणजे राळेतला सगळा कार्बन एका टोकावाटे पत्र्याला जोडला गेला. खुंटाच्या कडेशी पाणी येतंच. बॅटरी सुरू झाली आणि तीन वर्षं चालू राहिली. खिळा नसता तर जागलने काही केलं नसतं. जागल नसती, जुनी करडी राळ असती, तर खिळा तिच्यात गुंडाळून निपचित पडला असता. दोघंही आपापल्या जागी चांगले होते. एकत्र आले आणि घात झाला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मेस्त्री माणूस, कामाची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागत नाही.

"म्हंजे माज्या खिळ्यान वासूची होडी खाल्ल्यान?"

"एकट्या खिळ्यान नाय, बाबा."

"पण खाल्ल्यान."

मला राग आला होता, खूप आला होता. अकरा होड्या, त्यांवरची चाळीसेक माणसं, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या मिटलेल्या डोळ्यांदेखत हे करत होता. पण बाबांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही हे दोनदा दाबून पाहिलं आणि आत निघून गेले. तेव्हा त्या रागाची मला लाज वाटली.

*

निरंजनला मी सगळं सांगितलं. त्याने टिपणवही मिटली.

"मॅडम, एक सुचवू का? सगळ्या होड्या बोलवून घेऊ. नवी राळ भरायची आहे म्हणून सांगू. खुंट कापू, खिळे काढू, ठिगळं मारू. अहवालात मी लिहितो, 'राळेत बाह्य वस्तू आढळली.' खोटं काहीच नाही त्यात. नाव कशाला यायला हवं?"

त्याने हे मनापासून म्हटलं होतं आणि मला ते मनापासून आवडलं. मी मनातल्या मनात ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. राळेत बाह्य वस्तू आढळली. बाबांचा सदरा, नारळ, पहिला बोल्ट, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"जागल भरलेल्या होड्या किनाऱ्यावर एकूण किती?" मी विचारलं.

"आमच्या हिशेबाने एकशे चाळीस."

"त्यांच्या नोंदीत हा गोंगाट आहे का, पाहिलंत?"

"सकाळीच काढलं. बावीस होड्यांत आहे. तुमच्या अकरा धरून नाही, सोडून." तो थांबला. "पण मॅडम, तिकडे कोण खिळे घालणार?"

"खिळे नाही घालणार. पण कुणीतरी काहीतरी घालतंय. ताईत, देवाचा टाक, आजीची अंगठी, काय असेल ते. लाकडात घालत आले, आता पत्र्यात घालतात."

तुमचा अहवाल वाचून तिकडचा माणूस काय करेल, मी पुढे म्हणाले. बाह्य वस्तू म्हणजे कुणाच्या तरी हातून पडलेला वॉशर, असं समजेल. कामगारांना दम देईल आणि गप्प बसेल. ज्याने प्रेमाने काही ठेवलं आहे, त्याला ते आपल्याबद्दल आहे असं वाटणारच नाही. काय ठेवलं, कुणी ठेवलं आणि का ठेवलं, हे सगळं लिहिलं तरच पुढचा माणूस आपल्या खुंटाखाली काय आहे ते आठवून बघेल.

म्हणजे बाबांचं नाव लिहायचं. ते बावीस ठिकाणी जाणार, वाचलं जाणार. ज्याच्या हातच्या मचव्याला कधी गळती लागली नाही, त्या धाकू मेस्त्रीने अकरा होड्या सडवल्या. त्यांच्याकडे आता तेवढं एक नावच उरलं होतं. ते मी त्यांना न विचारता घेणार नव्हते, आणि ते तर माझ्याशी बोलत नव्हते.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. मी वाढलेलं ते जेवायचे, पण मी समोरून उठल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ विचारलं, "बाबा, तुमचा नाव लिवूक व्हया. लिवू?" त्यांनी पेज संपवली, ताट उचललं आणि विहिरीवर गेले.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला अकरा होड्या वाळूवर ओळीने लागल्या. मालक कावलेले होते. बांगडा जवळ आला होता आणि मी त्यांना वाळूवर बसवलं होतं. निरंजन कापायचं यंत्र घेऊन तयार उभा होता. मी वासूच्या होडीशेजारच्या फळीवर चढले, घसा साफ केला, आणि पहिलं वाक्य कसं सुरू करावं ते मला आठवेना.

तेवढ्यात बाबा आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात चहाचा डबा.

"उतर गो," ते मला म्हणाले. मी उतरले. ते काही फळीवर चढले नाहीत. वाळूवरच उभे राहिले आणि डबा उघडून सगळ्यांना दाखवला.

"हे माज्या बापाशीच्या मचव्याचे खिळे. तुमच्या हरेक होडयेत खुंटाखाली एकेक मी घातलंय. कोणाक सांगूक नाय. बरा म्हणान घातलंय. त्या खिळ्यांनी तुमचो पत्रो खाल्ल्यानी. देवूक ठावक नव्हता. चूक माजी."

आता कोण काय बोलेल या भीतीने मी मालकांच्या तोंडाकडे बघत होते.

वासू जोगी खाली बघत पायाने वाळू उकरत होता. "मेस्त्री," तो म्हणाला, "तांब्याचा कायव चलणा नाय काय?"

"नाय चलणा."

"मगे माजो बापूस सांधेदुखीक कडो घाली तांब्याचो. तो मी बॅटरीच्या खोक्याखाली ठेवलंय. म्हटला, बापूस होडयेत आसलेलो बरो."

मागून कुणीतरी फसकन हसलं. नऊ नंबरच्या मालकाने नाळेच्या आत देवीचा तांब्याचा टाक चिकटवला होता. दोन नंबरवाल्याने बायकोला विचारलं, बायकोने मान खाली घातली, आणि सुकाणूच्या बिजागरीखाली दर्ग्यातला ताईत निघाला. अकरापैकी चार होड्यांत बाबांच्या खिळ्याशिवायही काही ना काही होतं. माझ्या याद्या, माझ्या सह्या, माझी तपासणी, आणि या सगळ्यांनी माझ्या पाठीमागे आपापलं माणूस होडीत बसवलं होतं. मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

बाबा निरंजनकडे वळले. "लिवतास मा? धाकू भिकाजी कुबल. पुरा लिवा. मेस्त्री पण लिवा."

*

खुंट कापायला आणि ठिगळं जोडायला तीन आठवडे गेले. वासूचा पत्रा सहापैकी दोनच मिलिमीटर उरला होता. एखाद्या वाऱ्यात खुंट दोरासकट निघून आला असता. खिळे मात्र जसेच्या तसे होते. टोकाशी थोडे हिरवे पडलेले, एवढंच. बाबांनी ते पुसून डब्यात परत ठेवले. निरंजनचा अहवाल बावीस ठिकाणी गेला आणि त्यातल्या एकोणीस ठिकाणी लोकांनी आपणहून काय काय काढून दाखवलं. त्याची यादी त्याने मला पाठवली आहे. मी ती कारखान्यात लावली आहे, कारण इतकी प्रेमळ यादी मी दुसरी वाचलेली नाही.

मी पुन्हा करड्या राळेवर आले. पण या वेळी सभेत भांडले नाही, आधी तपासून घेतलं. माझ्या तपासणीच्या कागदावर आता दोन ओळी नव्या आहेत. पहिली: होडीत तांबं, पितळ, कार्बन कुठेही नको. दुसरी: राळ निवडताना असं धरून चालायचं की पहिली ओळ कुणीतरी मोडणार आहे. म्हणून प्रत्येक नव्या राळेच्या नमुन्यात, पत्र्याच्या तुकड्यावर, भवानीप्रसादचा एक खिळा दाबायचा आणि साठ दिवस खाऱ्या फवाऱ्यात ठेवायचा. याला आम्ही खिळा-चाचणी म्हणतो. खिळा दाबायचं काम बाबांचं. माणसं नसलेल्या प्रयोगशाळेत जागल सुरक्षित होतीच. मला माणसांत सुरक्षित राहील अशी राळ हवी होती.

साठ दिवसांनी करड्या राळेचा नमुना आम्ही चिरून उघडला. खिळ्याच्या टोकाशी पत्र्यावर मोहरीएवढा डाग होता. बाकी पत्रा लखलखीत. बाबांनी तो उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"ही बरी," ते म्हणाले. "ही कोणाचा मन मोडणा नाय."

चौदाव्या होडीचा खुंट दसऱ्याला बसवायचा ठरला. बाबा येतील की नाही याची मला खात्री नव्हती. त्यांना तसं कुणी बोलावलंही नव्हतं, आणि नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी राळ कालवत होते तेव्हा ते इस्त्रीच्या सदऱ्यात येऊन उभे राहिले. वासूने त्यांच्या हातात पाना दिला.

मी राळ पसरली. चौघांनी खुंट उचलून धरला. नारळ फुटला. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी हात जोडले, पण डोळे उघडे ठेवले.

बाबा वाकले. त्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी वर पाहिलं. माझे डोळे उघडे आहेत हे त्यांना दिसलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी खिसा बाहेर ओढून दाखवला. रिकामा होता. आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा मऊ राळेत, खुंटाच्या जागेच्या बरोबर मधोमध, सावकाश दाबला.

"सांभाळ गो," ते पुटपुटले. इतकी वर्षं ते हेच पुटपुटत होते तर.

अंगठ्याच्या घामातल्या मिठाने पत्र्याला काही होईल का, हे मी तेवढ्यात मनात तपासून पाहिलं. काही होत नाही. खुंट खाली आला, त्या ठशावर बसला, आणि बाबांनी पहिला बोल्ट आवळला.

करडी राळ हाताला लागली तर रॉकेलच्या बोळ्याने लगेच पुसावी लागते, नाहीतर आठ दिवस निघत नाही. मी बोळा घेऊन त्यांच्याजवळ गेले. बाबांनी हात मागे घेतला.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले, आणि तो करडा अंगठा सगळ्यांना दिसेल असा वर धरून बाजारातून घरी गेले.